वरून आलेल्याचं छप्पर

कारखान्यातल्या आमच्या शॉपमध्ये शिसपेन्सिल आणायला बंदी होती. नवा माणूस कामावर आला की त्याच्या कानामागची पेन्सिल काढून आपल्या खिशात टाकायची, हा माझा आवडता उद्योग. त्याला वाटायचं, पगारे म्हणजे एक नंबरचा खडूस. खडूस मी आहेच, घरचेही तेच म्हणतात. पण पेन्सिलीचं कारण वेगळं होतं. विमानाचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. त्यावर पेन्सिलीची रेघ राहिली तर ती पत्र्याला हळूहळू खाते. लोखंडी टोकाने रेघ मारली तर विचारूच नका. आज केसाएवढा ओरखडा, पुढे नेमकी तिथेच चीर. म्हणून आम्ही मेणाच्या खडूने खुणा करायचो. हा धडा मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवला आणि निवृत्तीनंतर एकदा स्वतःच विसरलो. ते सांगायला बसलोय. माझ्या बढत्या-बदल्या वाचायला तुम्ही दिवाळी अंक विकत घेतलेला नाही, तेव्हा ते सगळं सोडून देतो.

ओझरच्या विमान कारखान्यात मी पत्र्याचं काम केलं. कुणाला सांगितलं की हमखास प्रश्न यायचा, "म्हणजे तुम्ही विमान चालवता?" नाही हो. मी विमान शिवायचो. दोन पत्रे एकमेकांवर ठेवायचे, भोक पाडायचं, त्यात रिव्हेट घालायचा आणि ठोकून दोन्ही अंगांनी बसवायचा. हे काम एकट्याने होत नाही. एक जण बाहेरून ठोकतो, दुसरा विमानाच्या पोटात आडवा होऊन रिव्हेटच्या शेपटीला लोखंडी ठोकळा लावून धरतो. मधे पत्रा. एकमेकांचं तोंड दिसत नाही, त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून आतला माणूस ठोकळा वाजवून सांगतो. एक ठोका म्हणजे अजून मार. दोन म्हणजे झालं, पुढे चल. तीन म्हणजे बिघडला, काढून टाक. माझा जोडीदार आणि मी कित्येक वर्षं असेच बोललो. बाहेर चहाला भेटलो की आम्हाला विषय सुचायचे नाहीत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमच्या देवधर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर विलायतेहून आलेलं पत्र होतं. "पगारे, तुम्हाला जुन्या विमानांचं वेड आहे ना? घ्या. मला यातून काही निघेल असं वाटत नाही, पण उत्तर तर द्यायला पाहिजे."

पत्र टाईप केलेलं होतं. तिकडचे काही पेन्शनर लोक एक विमान पुन्हा जुळवत होते. लढाईच्या काळातलं, आरमाराचं, जहाजाच्या डेकवरून उडणारं विमान. नाव बॅराकुडा, एका दातऱ्या माशाचं. कबुतरासारखे पंख अंगालगत मिटायचे, म्हणजे जहाजाच्या पोटात जास्त मावायची. समुद्रावर नजर ठेवायला पंखांखाली फुगीर खिडक्या. लढाई संपल्यावर ती मोडून भंगारात घातली, काही समुद्रात लोटली. आता अख्खं असं एकही जगात उरलेलं नव्हतं. होते ते तुकडे, कुठे शेपटीचा, कुठे चाकाचा. यातली काही विमानं हिंदुस्थानात आली होती, तेव्हा तुमच्या भागात एखादा पत्रा सापडतो का बघा, अशी विनंती होती.

खाली शाईने, वेगळ्या अक्षरात चार ओळी होत्या. 'मी ही पत्रं टाईप करून देते. माझा भाऊ आर्थर असंच एक विमान घेऊन पावसाळ्यात मुंबईहून एकटा निघाला आणि पोचला नाही. समुद्रात बेपत्ता, असं आरमाराने कळवलं होतं. मला विमान नको आहे. तो कुठे आहे ते कळलं तर कळवा. मार्गारेट.'

मी साहेबांना म्हटलं, "मी देतो उत्तर."

सोबत त्या विमानाच्या ड्रॉइंगच्या झेरॉक्स होत्या. कंपनीच्या बसमध्ये खिडकीपाशी बसून मी त्या बघत असे. नाशिक रोडहून ओझरपर्यंत रोज तोच रस्ता, डोळे मिटले तरी वळणं कळायची. डोळे मिटून मी ते विमान जुळवायचो. आज शेपटी, उद्या पंखाची बिजागरी. द्राक्षाचे मांडव बाहेरून सरकत राहायचे आणि माझं विमान हळूहळू भरत जायचं. गेटवर बस थांबली की ते निम्म्यात राहायचं. मग दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. कधी कधी वाटायचं, जगात अख्खं बॅराकुडा एकच आहे आणि ते आमच्या बसमध्ये आहे.

सुट्टीच्या दिवशी मी शोधाला निघायचो. बायको म्हणायची, "लोक देव शोधतात, तुम्ही भंगार शोधा." तिचंही बरोबर होतं. मालेगावला एका यंत्रमागवाल्याकडे विमानाचं चाक असल्याची बातमी लागली. हाजीसाहेबांनी मला बसवलं, चहा पाजला, बिस्किटं दिली आणि मागच्या खोलीतून चाक आणवलं. ते लष्करी ट्रकचं होतं. मी तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "देखो भाई, तीन पीढी से विमान का है. अब तुम्हारे एक के बोलने से ट्रक का कैसे हो जाएगा?" मी चहा संपवला आणि उठलो. कळवणजवळ एका शेतकऱ्याच्या गोठ्यात बैल खरोखरच विमानाच्या पेट्रोलच्या टाकीतून पाणी पीत होते. टाकी अर्धी कापून हौद केलेला. पण ती दुसऱ्याच जातीच्या विमानाची निघाली. मी हात लावून बघत होतो तर म्हातारा सावध झाला. "हाई मना बापनी टाकी शे," म्हणाला. मी म्हटलं, असू द्या बाबा, तुमचीच आहे.

असं करता करता मी निवृत्त झालो. मार्गारेटबाईंना वर्षातून दोन पत्रं जायची. दोन्हीत एकच मजकूर, अजून नाही. त्यांचं उत्तर यायचं, 'काही हरकत नाही, तुमच्या द्राक्षांचं काय?' मला द्राक्षबाग नाही हे मी त्यांना कधीच पटवू शकलो नाही.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी, भात कापणीला आलेलं असताना, मी सुरगाण्याकडे गेलो होतो. तिथेही एक फुसकी बातमीच होती. परत येताना जीपमध्ये चिंतामण गावित नावाच्या ड्रायव्हरशेजारी बसलो. घाटातल्या एका वळणावर, समोर चिटपाखरू नसताना, त्याने हॉर्न दिला.

"कुणाला वाजवला?" मी विचारलं.

"वरच्याला."

"वरचा कोण?"

"वीर हाय एक. वरून आलेला. आभाळातून पडला तो. सगळेच वाजवतात इथं." आमच्याकडच्या डोंगरात कुणी अवचित मेला की त्याचा वीर म्हणून दगड मांडतात, हे मला माहीत होतं. पण आभाळातून पडलेला वीर मी ऐकला नव्हता. त्याला म्हटलं, "चिंतामणराव, जीप बाजूला घ्या."

वळणाच्या वर, साग आणि नागलीच्या शेताच्या मधल्या टप्प्यावर कमरेइतका एक दगड उभा होता. शेंदूर लावलेला. त्याच्या चार बाजूंना सागाचे खुंट आणि वर पत्र्याचं छप्पर. लांबूनच मला रिव्हेटची ओळ दिसली. मी छपराखाली सरपटत गेलो. आतल्या बाजूला हिरवट रंग, एका कोपऱ्यात ठोशाने उठवलेला नंबर. पत्रा ओळखायला मला नंबरही लागत नाही, दोन रिव्हेटमधलं अंतर पुरतं. बसमध्ये मी हजार वेळा मोजलेलं अंतर. बॅराकुडाच होतं ते, शेपटीच्या अलीकडची डावी कूस.

आणि नेमकं त्याच जागी बाहेरून विमानाचा स्वतःचा क्रमांक रंगवलेला असतो. तो मिळाला की हे विमान आर्थरचं की आणखी कुणाचं, ते कळणार होतं. वरून मात्र तेल-शेंदराचे थरावर थर. आमच्या घरात वडिलांच्या काळापासून शेंदूर नाही, बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली की आमचं झालं. त्यामुळे माझ्या लेखी तो शेंदूर म्हणजे नंबरावर बसलेलं किटण. मी खिशातला चाकू उघडला आणि खरवडायला लागलो. कुणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंसुद्धा नाही. हळूहळू काळी अक्षरं वर आली. दोन अक्षरं, तीन आकडे. मी ती हातावर लिहून घेतली.

मागे वळलो तर विळा घेतलेली एक बाई उभी होती. सत्तरीला टेकलेली, नऊवारीचा काचा मारलेली. चिंतामण हळूच म्हणाला, "जिवलीबाई. यांच्याच घरचा वीर हाय."

"काय खरवडतोस, दादा?" तिने विचारलं.

मी मूर्खासारखा हसत म्हणालो, "मावशी, नंबर सापडला."

तिने पत्र्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या चाकूकडे. "माझ्या बानं लावलेला शेंदूर होता तो. सगळ्यात खालचा." मग म्हणाली, "जा आता." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. जीप सुरू केल्यावर चिंतामणने हॉर्न मात्र मघापेक्षा लांब दिला.

मी नंबर आणि त्या वीराची हकीकत तिकडे कळवली, आरमाराच्या नोंदीशी नंबर जुळला. विमान आर्थरचंच होतं. तिकडच्या पेन्शनर मंडळींना आनंद झाला. असा नंबरासकट पत्रा त्यांच्याकडे एकही नव्हता, तेव्हा काहीही करून तो पाठवा म्हणाले. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात आलं होतं की दुसरा चकचकीत पत्रा लावून द्यावा आणि हा घेऊन यावा.

मग मार्गारेटबाईंचं पत्र आलं. ते मी डिक्शनरी घेऊन दोन दिवस वाचलं. 'आर्थरला पोहता येत नव्हतं,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'आरमारात असून. घरात हे फक्त मला माहीत होतं. तो समुद्रात गेला असं कळल्यापासून पाऊस आला की आई सगळ्या खिडक्या लावून घ्यायची. आई गेल्यावर मी लावते. तो जमिनीवर आहे, डोंगरावर आहे, हे मला अजून नीट समजत नाही. त्या लोकांनी त्याला इतकी वर्षं सांभाळलं, तर त्याला तिथून हलवायची माझी इच्छा नाही. पण मला एक सांगा. तिथे कोरडं आहे का? असेल तर त्याला तिथेच राहू दे. नसेल तर मला सरकारकडे अर्ज करावा लागेल, त्याला नीट दफनभूमीत न्या म्हणून. तुम्ही खरं ते लिहाल, एवढं मला माहीत आहे.'

पत्र घेऊन मी गेलो तेव्हा उन्हाळा संपत आला होता. डोंगर जळून गेल्यासारखे पिवळे, त्यावर दुपारी नुसती वाफ हलत होती. जिवलीबाई दगडापाशीच बसली होती, जणू गेल्या वेळेपासून उठलीच नव्हती. तिने मला जा म्हटलं नाही, ये पण म्हटलं नाही. मी खाली बसलो आणि पत्र मराठीत सांगितलं. पोहता येत नव्हतं इथपर्यंत आलो आणि तिने मान वर केली.

"तो भिजलेला होता," ती म्हणाली. "मी तवा लहान होते, ढोरं वळायची. सातआठ दिवसांचा पाऊस, धुकं असं की आपला हात दिसायचा नाय. आवाज आला, मग जाळ. बा आणि काका धावले. तो लांब फेकला गेला होता, झाडाखाली पडलेला, सगळा ओला. जिवंत नव्हता. बानं त्याला आपल्या घोंगडीत घेतलं. पोलिसांना सांगितलं तर आमालाच धरतील म्हणून इथंच पुरला. बाकीचा पत्रा लोकांनी नेला, भांडी केली, लय नेला. बा म्हणला, एक पत्रा मी घेणार. पोर भिजून मेलंय, आता परत भिजायला नको."

तिने छपराकडे बोट केलं. मग ती म्हणाली, "ते बघ."

मी वर बघितलं. नंबराखाली, जिथे माझा चाकू फिरला होता तिथे, एका रिव्हेटपासून दुसऱ्यापर्यंत चीर गेली होती. वीतभर. तिच्यातून आभाळ दिसत होतं. साठ वर्षांचे पावसाळे काढलेला पत्रा मी एका दुपारीत फाडला होता. पेन्सिली जप्त करणारा मी. मला तिथेच रडायला आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"पाऊस आला की गळंल," जिवलीबाई म्हणाली. "मग ते त्याला नेतील ना?"

"मावशी, आठ दिवस द्या," मी म्हटलं.

मार्गारेटबाईंना मी उत्तर पाठवलं नाही. कोरडं आहे असं लिहून मोकळं होता आलं असतं, तिकडून कोण बघायला येणार होतं? पण काम तपासल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय हाडात गेलेली. घरी माळ्यावरून हत्यारं काढली. रिव्हेट, हातड्रिल, लुकण, विमानाच्याच जातीच्या पत्र्याचा एक तुकडा. जुन्या जोडीदाराकडून त्याचा ठोकळा मागून आणला. त्याने कशाला म्हणून विचारलं नाही, फडक्यात गुंडाळून दिला.

आठव्या दिवशी चिंतामणच्याच जीपने वर पोचलो तेव्हा ढग यायला लागले होते. चीर कशी थांबवतात ते सांगतो, लोकांना नवल वाटतं. तिच्या टोकाला गोल भोक पाडायचं. चीर टोकाने पुढे सरकते, भोकाशी आली की तिला टोकच उरत नाही, मग ती तिथेच राहते. तसं दोन्ही टोकांना भोक पाडलं. वर ठिगळ, मधे लुकण. आता रिव्हेट. चिंतामणला म्हटलं, तुम्ही खाली बसून ठोकळा धरा. तर जिवलीबाईने तो त्याच्या हातातून घेतला.

"बायामाणसाला जमायचं नाय ते," चिंतामण म्हणाला.

"बाच्या हाताखाली हे छप्पर मी लावलंय," ती म्हणाली आणि दगडाला खेटून आत जाऊन बसली. मी तिला ठोक्यांची भाषा सांगितली. एक म्हणजे अजून, दोन म्हणजे झालं, तीन म्हणजे बिघडला.

पहिल्याच रिव्हेटला आतून तीन ठोके आले. वाकून बघितलं तर खरंच वाकडा बसला होता. निवृत्तीनंतर माझ्या हाताची सवय मोडली होती, आणि ते तिला कळलं. काढला, पुन्हा मारला. एक ठोका. अजून मारला. दोन. मग आमचं जमलं. वर मी, खाली ती, मधे आर्थरच्या विमानाचा पत्रा. डोंगरात तेवढाच एक आवाज. वारा पडला होता, ढग खाली उतरून नागलीच्या बांधावर टेकले होते. मला वाटलं, आता हळूच चाकं उचलतील आणि आपण सगळे, दगडासकट, निघू. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

शेवटच्या रिव्हेटला दोन ठोके आले. मी म्हटलं, "आता तपासणी." चिंतामणने खालच्या झऱ्यावरून हंडा भरून आणला आणि ठिगळावर सावकाश ओतला. जिवलीबाई आत बसून होती. तिने आधी दगडावर हात फिरवला, मग मातीवर, मग परत दगडावर. बाहेर आली तेव्हा तळवा माझ्यापुढे धरला. "बघ. कोरडा हाय."

आमच्याकडे काम पास झालं की तपासनीस त्यावर आपला शिक्का मारतो. शिक्क्याशिवाय तुकडा पुढे जात नाही. माझा शिक्का निवृत्तीच्या दिवशी जमा झालेला. मी हत्यारं आवरत होतो तोवर जिवलीबाईने डबीतला शेंदूर अंगठ्याला घेतला आणि माझ्या ठिगळावर मधोमध टेकवला. नंबर मात्र तिने उघडा ठेवला. "घरच्यांना ओळखू येऊ दे," म्हणाली. मग विचारलं, "नाव काय म्हणालास त्याचं?" मी सांगितलं. तिने ते दोनतीनदा जिभेवर घोळवून बघितलं. "अर्थर" असं काहीतरी म्हणाली. तेवढं पुरे होतं.

मेणाच्या खडूने मी कागदावर त्या पत्र्याचा अख्खा छाप उतरवून घेतला, एकेक रिव्हेटसकट, आणि तो विमानवाल्यांना पाठवला. पत्रा मिळणार नाही, यावरून नवा करून घ्या, असं कळवलं. थोडे नाराज झाले, पण केला त्यांनी. मार्गारेटबाईंना मी खरं ते सगळं लिहिलं, चाकूपासून हंड्यापर्यंत. चीर मीच पाडली होती हेही. शेवटची ओळ लिहायला मला डिक्शनरी लागली नाही. कोरडं आहे, मी स्वतः बघितलंय.

पावसाळाभर काही आलं नाही. दसऱ्याच्या सुमारास एक कार्ड आलं, अक्षर बरंच थरथरलेलं. द्राक्षांची चौकशी होतीच. खाली लिहिलं होतं, 'काल इथे दिवसभर पाऊस होता. मी खिडकी उघडी ठेवली.'